मोठ्या 'पी'चं पोस्ट, लहान 'पी'चं पोस्ट

टपालाच्या इतिहासावरचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांतच 'बिशप मार्क' भेटतो. देवनागरीत हे दोन शब्द वाचले की डोळ्यांपुढे लांब झगा, गळ्यातला क्रूस आणि मागे चर्च उभं राहतं. पोस्टाचा पहिला शिक्का कुणा धर्मगुरूने मारला असणार, असं मी स्वतः बरीच वर्षं समजत होतो. मूळ इंग्रजी मजकूर समोर आला तेव्हा चूक कळली. त्यात 'बिशप'चा 'बी' मोठा होता.

हा बिशप म्हणजे कर्नल हेन्री बिशप. बिशप हे त्याचं आडनाव. १६६० साली दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला आणि बिशपने वर्षाला २१,५०० पौंड भरून सगळ्या देशाचं टपाल मक्त्याने चालवायला घेतलं. लोकांची ओरड तेव्हाही आजचीच होती: पत्र वेळेवर मिळत नाही, मधेच कुठेतरी पडून राहतं. बिशपने १६६१ साली उपाय काढला. पत्र लंडनच्या कचेरीत आलं की त्यावर त्या दिवसाचा ठसा मारायचा. शर्टाच्या बटणाएवढं वर्तुळ, मधोमध आडवी रेघ, एका अर्ध्यात महिन्याची दोन अक्षरं आणि दुसऱ्या अर्ध्यात तारीख. वर्ष नाही. पत्र वर्षभर दाबून ठेवण्याइतकं धाडस कोणी करेल, असं बहुधा त्याला वाटलं नसावं. जगभरच्या पोस्टात आज जो तारखेचा शिक्का पडतो, त्याचा हा पूर्वज. त्याच्या नावात धर्म नाही, फक्त एक आडनाव आहे, आणि ते इंग्रजी वाचकाला पहिल्या अक्षराच्या उंचीवरून कळतं.

आपल्याकडे ही सोय नाही. देवनागरीत सगळी अक्षरं एकाच शिरोरेषेला लटकलेली. शाळेत आपण सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम असे तीन प्रकार घोकतो. नदी हे सामान्यनाम, गोदावरी हे विशेषनाम. पण ओळखायची ती अर्थावरून. 'पोपट उडाला' या वाक्यात पक्षी आहे की पोपटराव, हे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय सांगता येत नाही. (तिसरा अर्थही आहे, तो वाचकांना माहीत आहे.) इंग्रजीत पोपटराव असते तर पहिल्या अक्षराने लगेच उभे राहून हात वर केला असता.

ही शिस्त इंग्रजीतही फार पुरातन नाही, हे इथेच सांगून टाकतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या पूर्वार्धात इंग्रज छापखानेवाले जवळजवळ प्रत्येक नामाला मोठं अक्षर देत. जर्मन लोक आजही देतात. त्यामुळे त्या काळच्या कागदावर मोठं अक्षर दिसलं म्हणून ते विशेषनाम, असं धरून चालत नाही. पुढे ही चाल मागे पडली आणि मोठं अक्षर विशेषनामांसाठी राखीव झालं. टपालखात्याची वाढ झाली तीही याच काळात. म्हणूनच टपालाच्या इंग्रजी शब्दांत ही राखीव जागा कोणी पटकावली, कोणी गमावली, याचा माग काढायला मजा येते.

साधं 'पोस्ट ऑफिस' घ्या. लहान अक्षरांत लिहिलं आणि मागे 'अ' लावला की ती कोपऱ्यावरची कोणतीही इमारत. मोठ्या अक्षरांत लिहून मागे 'द' लावलं की ती ब्रिटनची सबंध संस्था. मराठीने हाच भेद वेगळ्या वाटेने साधला आहे. 'मी जरा पोस्टात जाऊन येतो' म्हटलं की खिडकी, डिंकाची बाटली आणि दोरीला बांधलेलं पेन. 'माझे वडील पोस्टात होते' म्हटलं की खातं, नोकरी आणि पेन्शन. शब्द तोच, विभक्ती तीच. क्रियापद बदललं आणि आपल्याला अर्थ कळला. मोठ्या अक्षराचं काम आपण क्रियापदाकडून करून घेतो.

या 'पोस्ट'चं मूळ लॅटिन. 'ठेवणे' या अर्थाच्या क्रियापदापासून 'ठेवलेलं, नेमलेलं' असा शब्द झाला, तो इटालियन आणि फ्रेंचमधून सोळाव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत आला. रस्त्यावर ठरावीक अंतराने घोडे आणि स्वार नेमून ठेवलेले असत, म्हणून त्या ठिकाणाला पोस्ट, मग त्या स्वाराला पोस्ट, मग तो नेतो त्या पत्रांना पोस्ट. कुंपणाचा खांब या अर्थाचा 'पोस्ट' निराळ्या लॅटिन शब्दातून आला आहे. दोघांचा संबंध नाही. ट्यूडर राजांच्या काळात तातडीच्या पत्रावर 'हेस्ट, पोस्ट, हेस्ट' असं लिहीत. हे पत्राला उद्देशून नव्हतं, घोडेस्वाराला होतं: पळ रे स्वारा, पळ. काही पत्रांवर शेजारी फासाच्या खांबाचं लहानसं चित्रही काढलेलं असे, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही उशिराचा अर्थ कळावा. स्पीड पोस्टाची एवढी स्पष्ट जाहिरात पुन्हा झाली नाही. त्या तीन शब्दांतून पुढे इंग्रजीत 'पोस्टहेस्ट' हा 'तडकाफडकी' अशा अर्थाचा शब्द रुजला. स्वार कधीच मेले, हाक शिल्लक राहिली.

'मेल'ची गोष्ट पिशवीपासून सुरू होते. जुन्या फ्रेंचमध्ये प्रवासी थैलीला जो शब्द होता तो इंग्रजीत 'मेल' झाला. आधुनिक फ्रेंचमध्ये आजही त्याच शब्दाचा अर्थ प्रवासाची मोठी पेटी. आधी 'पत्रांची मेल' म्हणजे पत्रांची पिशवी असं म्हणत. हळूहळू पिशवी गळाली आणि आतल्या पत्रांनाच मेल म्हणू लागले. मराठीला हे नवं वाटायला नको. इंग्रजी 'पॅकेट' आपल्याकडे 'पाकीट' होऊन आलं. ते पत्राचंही असतं आणि पैशाचंही. 'पाकीट आलं' म्हणजे पत्र आलं, 'पाकीट गेलं' म्हणजे पैसे गेले. पात्राचं नाव आतल्या वस्तूला देणं सगळ्याच भाषांना सोयीचं वाटतं. मात्र चिलखताच्या कड्यांना म्हणतात तो 'मेल' आणि 'ब्लॅकमेल'मधला 'मेल' हे या घराण्यातले नव्हेत. पहिला जाळीच्या वेटोळ्यांवरून आला. दुसरा स्कॉटलंडच्या सीमेवर दांडगेश्वरांना द्यावा लागणारा खंड. तिथे 'मेल' म्हणजे कर किंवा भाडं. धमकीचं पत्र पोस्टाने येतं म्हणून ब्लॅकमेल, ही समजूत ऐकायला छान आहे, खरी नाही.

आता इंग्रजीतली एक गंमत. ब्रिटनमध्ये पत्रं वाटणाऱ्या संस्थेचं विशेषनाम 'रॉयल मेल', पण ती घरोघर वाटते ते 'पोस्ट'. अमेरिकेत संस्थेचं विशेषनाम 'पोस्टल सर्व्हिस', पण ती वाटते ते 'मेल'. ब्रिटिश माणूस पोस्टमनची वाट पाहतो, अमेरिकन माणूस मेलमनची. दोन्ही देशांनी एक शब्द पाटीवर ठेवला आणि दुसरा वापरात. मोठ्या अक्षरातला शब्द आणि लहान अक्षरातला शब्द यांची अशी अदलाबदल मला दुसऱ्या कुठल्या खात्यात आढळलेली नाही.

'मेल'ला हे राजेपण मिळालं ते घोडागाड्यांमुळे. बाथ शहरात नाटकगृह चालवणाऱ्या जॉन पामरने सरकारच्या गळी उतरवलं की घोड्यावरच्या पोराच्या हाती पत्रं सोपवण्यापेक्षा वेगवान गाडीतून ती पाठवावीत. २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून बाथमार्गे लंडनला पहिली मेल कोच निघाली. मागे बंदूकधारी रखवालदार, त्याच्या हाती लांब शिंग. शिंग वाजलं की नाकेवाल्याने फाटक उघडून उभं राहायचं. सरकारी टपालाला नाकेपट्टी माफ. पुढे रेल्वे आली, गाडी बदलली, शब्द तोच राहिला.

तो शब्द मग बोटीने मुंबईला उतरला, आणि इथे मात्र त्याने वेगळाच संसार थाटला. पंजाब मेल १९१२ सालीही धावत होती. त्या काळी विलायतेची डाक आणि साहेब लोक घेऊन ती बॅलार्ड पिअरहून सुटे. १९२८ साली मुंबई ते पेशावर फ्रंटियर मेल सुरू झाली. तीच आता गोल्डन टेंपल मेल. या गाड्यांच्या नावात मेल म्हणजे टपाल. पण 'मेल पकडली', 'मेल चुकली', 'मेल तिथे थांबत नाही' असं म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या डोक्यात पत्राची पिशवी कधी आली नाही. त्याच्यासाठी मेल म्हणजे पॅसेंजरपेक्षा तोऱ्यात जाणारी गाडी. इंग्रजीत पिशवीचा शब्द पत्रावर गेला, मराठीत पत्राचा शब्द गाडीवर गेला. आणि गाडी स्त्रीलिंगी म्हणून मेलही स्त्रीलिंगी झाली. मग संगणक आला आणि शब्द नव्याने दारात उभा राहिला. आता कुणी 'मेल आला' म्हणतं, कुणी 'मेल आली', कुणी 'मेल पाठवलं'. लिंगाचा निकाल अजून लागलेला नाही. माझ्या घरी पुल्लिंगी चालतं, शेजारी स्त्रीलिंगी.

पिशवीतून पाकिटाकडे येऊ. १८४०पर्यंत ब्रिटनमध्ये टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचा आणि तो अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा. दोन कागद म्हणजे दुप्पट आकार. म्हणून लोक एकाच कागदाची घडी घालून लाखेने बंद करत, पाकीट वापरणं म्हणजे एका कागदाचा जादा दंड. रोलंड हिल नावाच्या शाळामास्तराच्या मुलाने १८३७ साली पुस्तिका काढून हा सगळा कारभार उलटा करायला सुचवलं: अंतर कितीही असो, अर्ध्या औंसाला एक पेनी, आणि पैसे आधी. आधी पैसे दिल्याची खूण म्हणून त्याने सुचवलेली वस्तू म्हणजे शिक्का मावेल एवढा कागदाचा तुकडा, मागे डिंक फासलेला. या वर्णनात एक बारकावा आहे. 'स्टॅम्प' म्हणजे तोपर्यंत ठसा, म्हणजे दाबून उमटवलेली खूण. हिलच्या कल्पनेत कागद हा त्या खुणेचा नुसता वाहक होता. सरकारी कागदपत्रांत त्याला 'लेबल' म्हणत. लोकांनी मात्र खुणेचं नाव कागदाला देऊन टाकलं आणि 'स्टॅम्प' चाटून चिकटवायची वस्तू झाली. मराठीने त्याला 'तिकीट' म्हटलं आणि 'स्टॅम्प' हा शब्द कोर्टाच्या आवारात स्टॅम्प पेपरसाठी राखून ठेवला. भाषांतरकारांनी हे विसरू नये, नाहीतर पत्राला एस.टी.चं तिकीट लागतं.

हे पहिलं तिकीट १ मे १८४० रोजी विक्रीला आलं आणि ६ मेपासून लागू झालं. एका पेनीचं, काळं, राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याचं. आज त्याला 'पेनी ब्लॅक' म्हणतात. दोन्ही शब्द बाजारातले: पेनी हे नाणं, ब्लॅक हा रंग. 'एक पेनीवालं काळं' एवढाच त्याचा अर्थ. मोठी अक्षरं लागली आणि ते राजघराण्यातलं झालं. दुर्मीळ मात्र ते नाही. सुमारे ६ कोटी ८८ लाख छापली होती. काळ्यावर मारलेला लाल शिक्का लोक पुसून काढत आणि तिकीट पुन्हा वापरत, म्हणून १८४१मध्ये उलटापालट केली: तिकीट लाल, शिक्का काळा. ते झालं 'पेनी रेड'. पहिल्या तिकिटावर एक गोष्ट नाही, तिकडे लक्ष वेधतो. देशाचं नाव नाही. तेव्हा तिकीट काढणारा दुसरा देशच नव्हता, मग नाव कशाला? ब्रिटनने ही सवय आजतागायत मोडलेली नाही. जगात तिकिटावर स्वतःचं विशेषनाम न छापणारा हा एकच देश. राजा किंवा राणीचा चेहरा हेच त्याचं नाव.

पेनी ब्लॅक विक्रीला आलं त्याच दिवशी हिलला ज्यावर अधिक भरवसा होता ती वस्तूही विकायला आली: छापील चित्राचं पाकीट. चित्रकार विल्यम मलरेडी हा नामवंत माणूस. त्याने मधे ब्रिटानिया देवता, तिच्या हातून चहूकडे उडणारे दूत, खाली हत्ती, उंट, गलबतं असा भरगच्च देखावा काढला. लोक हसले. विडंबनाची पाकिटं छापून विकली जाऊ लागली, आणि सरकारला उरलेला साठा नष्ट करायला भारी खटपट करावी लागली. पाकीट गेलं, पण चित्रकाराचं आडनाव त्याला कायमचं चिकटलं. संग्राहक आजही 'अ मलरेडी' असं म्हणतात. आडनावाच्या मागे 'अ' लागला की समजावं, माणूस वस्तू झाला. वास्तुविशारद पेनफोल्डचंही तेच झालं. त्याने १८६६मध्ये काढलेली षट्कोनी टपालपेटी 'अ पेनफोल्ड' म्हणून ओळखली जाते. रस्त्यावर टपालपेटी उभी करायची कल्पना १८५२ साली जर्सी बेटावर अमलात आणणारा पोस्टातला नोकर होता अँथनी ट्रोलोप. त्याचं नाव पेटीला लागलं नाही. तो कादंबरीकार होता, त्याने आपल्या नावाची सोय दुसरीकडे केली होती.

पण सामान्यनामाने विशेषनाम होऊन सगळ्यात मोठी मजल मारली ती मॉरिशसमध्ये. १८४७ साली त्या बेटावर जोसेफ बर्नार्ड नावाच्या कारागिराने दोन तिकिटं कोरली: एका पेनीचं नारिंगी आणि दोन पेनीचं निळं. प्रत्येकी ५०० छापली. गव्हर्नरच्या बायकोला, लेडी गॉम यांना, नाचाच्या मेजवानीची आमंत्रणं धाडायची होती, त्यासाठी बरीच खर्ची पडली. तिकिटाच्या डाव्या कडेला 'पोस्ट ऑफिस' असे शब्द होते. पुढच्या वर्षीच्या तिकिटांवर तिथे 'पोस्ट पेड', म्हणजे 'टपाल भरलं', असं आलं. यावरून कहाणी तयार झाली: म्हातारा, अर्धवट आंधळा बर्नार्ड शब्द विसरला, विचारायला निघाला, समोर पोस्टाची पाटी दिसली आणि त्याने तेच कोरलं. कहाणी इतकी चांगली आहे की पन्नास पुस्तकांत सापडते. अभ्यासकांनी ती कधीच मोडीत काढली आहे. त्या काळी मॉरिशसच्या शिक्क्यांवरही 'पोस्ट ऑफिस' असंच असे, आणि तिकिटावर ते शब्द मुद्दामच घातले होते. तरी नाव पडलं ते पडलंच. आज लिलावात नुसतं 'पोस्ट ऑफिस' म्हटलं की जाणत्या लोकांचे कान टवकारतात. जगातल्या कुठल्याही गावाच्या कोपऱ्यावर लटकणारे हे दोन शब्द तिथे फक्त मॉरिशसच्या तिकिटाचं नाव असतात. आणि यात मुंबईचाही वाटा आहे. एक पेनीची दोन तिकिटं लावून मॉरिशसहून मुंबईला आलेलं एक पाकीट टिकून राहिलं आहे. तिकीटशास्त्रात त्याला 'बॉम्बे कव्हर' म्हणतात. शहराचं नाव बदललं, पाकिटाचं बदलणार नाही.

आपल्या बाजूनेही इंग्रजीला काही दिलं आहे. १ जुलै १८५२ रोजी सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी आशियातलं पहिलं चिकटतं तिकीट काढलं. त्यावर 'सिंध डिस्ट्रिक्ट डॉक' असे शब्द उठवले होते. तो 'डॉक' गोदीचा नव्हे, ती आपली 'डाक', इंग्रजी कानाला जशी ऐकू आली तशी. पहिली तिकिटं लाल लाखेच्या चकतीवर होती आणि ती तडकायची, म्हणून पुढे कागदावर काढली. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. 'डाक बंगला' तर इंग्रजी कोशात लहान अक्षरांनी कायमचा राहायला गेला. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'डॉक'ही आहे आणि 'टपाल'ही. 'टपाल'पुढे कोशकारांनी मूळ अस्पष्ट असल्याची नोंद केली आहे.

याउलट विशेषनामाचं मोठं अक्षर हळूच खाली उतरल्याचीही उदाहरणं आहेत. व्हॅलेंटाइन हा संत. मोठ्या 'व्ही'ने लिहिला तर संत, लहान 'व्ही'ने लिहिला तर त्याच्या दिवशी पाठवलेलं प्रेमाचं कार्ड, किंवा ज्याला ते पाठवलं तो माणूस. पेनी पोस्टामुळे एका पेनीत निनावी प्रेम पाठवता येऊ लागलं आणि संताचा धंदा एकदम वाढला. सिंड्रेला ही परीकथेतली पोर. पण तिकिटासारखं दिसणारं, टपालाला मात्र न चालणारं कोणतंही लेबल, जसं क्षयरोग निवारणाचं सील, त्याला संग्राहक 'सिंड्रेला' म्हणतात. मेजवानीला आली खरी, यादीत नाव नाही. उलट 'जेनी'ला कधीच कोणी जन्म दिला नव्हता. अमेरिकन बनावटीच्या एका विमानाची संज्ञा 'जे एन ४', तिचा उच्चार करता करता वैमानिकांनी जेनी केली. १९१८ साली २४ सेंटच्या हवाई टपालाच्या तिकिटावर हे विमान छापलं आणि शंभरांच्या एका पानावर ते उलटं पडलं. विल्यम रोबी या माणसाने वॉशिंग्टनच्या पोस्टात २४ डॉलर मोजून ते पान घेतलं. ती 'इन्व्हर्टेड जेनी'.

विशेषनाम बसून घडवता येतं का? ब्रिटनच्या पोस्टाने २००१ साली करून पाहिलं. पत्र, पार्सल आणि खिडक्या असे तीन धंदे एका छत्राखाली. 'पोस्ट ऑफिस' या नावाने लोकांना फक्त खिडकी दिसते, अशी तक्रार होती. म्हणून पैसे देऊन नवं नाव आणलं: 'कन्साइनिया'. ते कशाचंच सामान्यनाम नव्हतं, म्हणजे पुस्तकी हिशेबाने आदर्श विशेषनाम. वर्तमानपत्रांनी टर उडवली, कामगार संघटनेने ते वापरायला नकार दिला, आणि २००२ साली संस्था मुकाट्याने 'रॉयल मेल' या नावावर परतली. माझं मत विचाराल तर हे होणारच होतं. टपालातली टिकलेली नावं बघा: पेनी पोस्ट, पोस्ट ऑफिस, पोनी एक्सप्रेस. सगळी रोजच्या शब्दांनी बांधलेली. पोनी एक्सप्रेस तर १८६०च्या एप्रिलपासून पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत, जेमतेम दीड वर्ष चालली, तारयंत्र आलं आणि बंद पडली. नाव अजून जिवंत आहे.

संगणकाने या खेळात नवी भर घातली. 'हॉटमेल' ही सेवा सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केली, तेव्हा नावातली चार इंग्रजी अक्षरं मधेच मोठी ठेवली होती: एच, टी, एम, एल. वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिचं हे संक्षिप्त नाव. मोठं अक्षर शब्दाच्या पोटात लपवायची ही तऱ्हा देवनागरीत उतरवताच येत नाही. आपल्यासाठी ती नुसती 'गरम डाक' राहिली. 'स्पॅम'चं उलटं. अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ साली डबाबंद डुकराच्या मांसाला हे नाव दिलं. १९७०च्या माँटी पायथनच्या विनोदी प्रवेशात एका खानावळीत प्रत्येक पदार्थात स्पॅम असतं आणि तेच नाव इतक्या वेळा कानावर आदळतं की दुसरं काही ऐकूच येत नाही. नको असलेल्या ई-मेलना तिथून हे नाव मिळालं. कंपनीने अखेर तडजोडीची भूमिका घेतली: सगळी अक्षरं मोठी तर आमचा डबा, सगळी लहान तर तुमचा कचरा. विशेषनाम आणि सामान्यनाम यांची वाटणी इतक्या स्वच्छपणे आजवर कोणत्या कोर्टानेही केली नसेल.

शेवटी पत्ता. पत्र पोचवायला विशेषनाम लागतं, असं वाटतं. टपालखात्याचा अनुभव उलटा आहे. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड किती आहेत याचा हिशेब ठेवताना लोक थकतात. महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव, वाडी यांची तीच गत. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' लावूनही पिशवी भलत्या तालुक्यात जाते. नाव जितकं जमिनीला चिकटलेलं, तितकं ते सामान्य. वड सगळीकडे उगवतो, त्याच्याखाली गाव वसतं आणि त्याचं वडगाव होतं. त्यात आपल्याकडे भाषा अनेक, लिप्या अनेक, अक्षर कसंही. अमेरिकेने १९६३ साली 'झिप' आकडे आणले. 'झोन इम्प्रूव्हमेंट प्लॅन' या तीन शब्दांची ती आद्याक्षरं, आणि ती जुळवताना चटकन या अर्थाचा झिपही साधला. तिथल्या लिखाणात आता ते अनेकदा लहान अक्षरांत दिसतं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी 'पोस्टल इंडेक्स नंबर' आला, म्हणजे पिन. आपण त्याला 'पिनकोड नंबर' म्हणतो, त्यात नंबर दोनदा येतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी होते, मराठी माणूस, आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे पंडित. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाने नावांचा गुंता सहा आकड्यांनी सोडवला.

पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोव्याचा ४. सैन्याच्या टपालाला ९. गावाचं नाव चुकलं, अक्षर लागलं नाही, तरी पिन बरोबर असला तर पत्र निदान त्या भागातल्या पोस्टापर्यंत जातं. ४००००१ हा पिन बोरीबंदरजवळच्या त्या घुमटाच्या इमारतीचा आहे, विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर जॉन बेग यांनी बांधलेल्या. तिचं पूर्ण नाव जनरल पोस्ट ऑफिस, तीन साधे शब्द. मुंबईत कोणत्याही टॅक्सीवाल्याला 'जीपीओ' म्हणा, तो तिथेच नेऊन सोडतो.